इंद्रलोकात कामधेनूला सुट्टी

पुराणातल्या इंद्रलोकात कामधेनू असते. मागाल तेव्हा दूध, मागाल तेवढं दूध, आणि सुट्ट्या पैशांची कटकट नाही. आमचं इंद्रलोक भाईंदर पूर्वेला आहे. गोल्डन नेस्टपासून रिक्षाने पाच मिनिटं, ट्रॅफिक असेल तर एक छोटी डुलकी. इथली कामधेनू पहाटे प्लॅस्टिकच्या पिशवीतून येते, दाराच्या कडीला लटकते आणि मे महिन्यात उठायला उशीर झाला तर आपणहून नासते. ऐरावताचं काम पाण्याचा टँकर बघतो. अमृताचं काय झालं ते सोसायटीने अजून कळवलेलं नाही. एकंदरीत स्वर्ग बरा चालला होता. मग एकाच आठवड्यात घरातून दोन फर्मानं निघाली आणि कामधेनू बडतर्फ झाली.

पहिलं फर्मान हाडांच्या डॉक्टरांचं. आईच्या हाडांची घनता मोजली, टी-स्कोर उणे २.१ आला. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ठिसूळ, तुमच्या आई मधल्या पट्ट्यात आहेत, असं डॉक्टरांनी समजावलं. आई मूळची मालवणकडची. तिला मधल्या पट्ट्यात राहणं मान्य नव्हतं.

"हाडां ठिसूळ? लिफ्ट बंद पडता तेव्हा चार माळे चढतंय, ते काय शेजारणीच्या हाडांनी?"

"दूध घेता का आजी?"

"नाय. पोटात गुरगुरता."

डॉक्टरांनी मान डोलावली. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं विकर बहुतेक भारतीयांच्या पोटात मोठेपणी कमी होत जातं, त्यामुळे हा त्रास घरोघरी आहे, असं ते म्हणाले. आई जन्मभर ज्याला 'वात' म्हणत आली त्याला इंग्रजी नाव आहे हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला. त्या संध्याकाळी तिने तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, "माका लॅक्टोज आसा." दोन-तीन जणींनी पेढे मागितले.

दुसरं फर्मान कन्येचं. ती कॉलेजातून एक व्हिडिओ बघून आली आणि व्हीगन झाली. आमच्या वेळी माणूस व्हिडिओ बघून फार तर नाचायला लागायचा.

"बाबा, आजपासून या घरात दूध नाही."

"या घरात, की तुझ्या पोटात?"

"वासराच्या तोंडचं काढून घेतो आपण."

"मग दही?"

"नाही."

"तूप?"

"नाही."

"श्रीखंड?"

इथे ती किंचित थांबली. "बाबा, तत्त्वाचा प्रश्न आहे." पण आवाज पहिल्याइतका ठाम नव्हता.

म्हणजे आजीला कॅल्शियम हवं पण दूध चालत नाही, नातीला दूध चालेल पण चालवून घ्यायचं नाही. आमची ही सहकारी बँकेत आहे. ताळेबंद जुळला नाही तर तिला झोप लागत नाही. तिने रातोरात फ्रिजवर तक्ता लावला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ माणसाच्या रोजच्या कॅल्शियमची शिफारस ६०० मिलिग्रॅमवरून १००० वर नेली, आणि पाळी गेलेल्या बायकांसाठी १२०० सांगितली. ६०० च्या काळात आम्ही निदान काठावर पास होत असू. सरकारी कागद बदलला आणि आम्ही काहीही न करता घरबसल्या ४०० मिलिग्रॅमने कर्जबाजारी झालो. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम असतं. दूध गेलं तर ही रक्कम दुसऱ्या कोणत्या खात्यातून उभी करायची, हा प्रश्न.

सुरुवात अर्थातच सर्वांत महाग मार्गाने झाली. कन्येने ऑनलाइन सोया दुधाचे डबे मागवले. पहिल्या सकाळी त्याचा चहा केला. आमच्याकडे चहा म्हणजे आलं ठेचून, दूध घालून, तीनदा वर आणून खाली बसवलेला. सोया दुधाला ही वागणूक सहन होत नाही. उकळता आंबटसर चहा दिसला की त्यातली प्रथिनं गोळा होऊन बसतात. कपात वर पाणी, खाली गाळ आणि मध्ये पांढरे ढग तरंगताना दिसले.

आईने कपात डोकावून विचारलं, "ह्यां दूध? खयच्या म्हशीचा?"

"आजी, म्हशीचं नाही. कडधान्याचं."

"मगे फोडणी खंय आसा?"

कन्या म्हणाली, आधी कोरा चहा करा, खाली उतरवा, जरा निवू द्या आणि मग वरून हळूच दूध घाला. हे तंत्र बरोबर आहे, चहा फाटत नाही. फक्त तो चहा राहत नाही. चिरंजीवांचं वय दहा असल्यामुळे त्यांनी एक घोट घेतला आणि "माझं पोट दुखतंय, शाळेला जातो" असं जाहीर केलं. पोट दुखतंय म्हणून शाळेत जाणारा तो भाईंदरमधला पहिलाच मुलगा असावा.

डबे रिचवत आम्ही बरेच पुढे गेल्यावर हिने डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: वापरण्यापूर्वी चांगलं हलवा. साध्या सोया दुधात मुळात कॅल्शियम फारसं नसतं. कारखान्यात ते वरून मिसळतात, आणि ते जड असल्यामुळे निवांत तळाशी जाऊन बसतं. आम्ही वरचं ओतून पीत होतो आणि तळाचं डब्यासकट ओल्या-सुक्याचं वर्गीकरण करून टाकत होतो. आमच्या भागाचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो. त्या काळात त्या डोंगराची हाडं चांगली मजबूत झाली असणार.

याच सुमारास वाशिमहून मेव्हणे आले. हिच्या माहेरची शेती आहे. एके काळी कापूस व्हायचा, आता सगळं सोयाबीन. विदर्भ-मराठवाड्यात जिकडे बघाल तिकडे तेच. त्यांनी टेबलावरचा डबा उचलला, उलटा केला, सुलटा केला, किंमत वाचली आणि खुर्ची ओढून बसले. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न. तोही बाजारात मिळाला तर. एक लिटर सोया दुधाला शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणे पुरतात. पाच ते सात रुपयांचा माल. डब्यावरचा आकडा शंभराच्या पुष्कळ वर होता.

"सहा रुपयाच्या दान्यात पानी घालून एवढ्याले इकतेत?"

"हो. आणि आम्ही घेतो."

"आन् तुमी हे पेता?"

"तुमच्याकडे खात नाहीत का सोयाबीन?"

"जावईबापू, आमी हे इकून टाकतो. तेल डब्यात जाते, पेंड कोंबड्यायले जाते. मानसं खातेत हे आजच पाह्यलं."

शेतकऱ्याच्या घरात जे पीक शिजत नाही ते आमच्या इंद्रलोकात आरोग्यपेय म्हणून येतं, याचा त्यांना इतका आनंद झाला की पुढच्या खेपेला त्यांनी अर्धं पोतं सोयाबीन रेल्वेने आणून दारात टाकलं. "घ्या, पेत ऱ्हा," म्हणाले. अर्धं पोतं! वन बीएचकेत! ते पोतं आधी बाल्कनीत, मग पलंगाखाली आणि शेवटी टीव्हीसमोर आलं. त्यावर गादीचं कव्हर घातलं की पाहुण्यांना बसायलाही चालतं.

मग घरच्या घरी सोया दूध. रात्रभर भिजवायचं, सालं चोळून काढायची, वाटायचं, गाळायचं, उकळायचं. वाचायला पाच क्रियापदं. त्यातलं 'चोळून काढायची' हे क्रियापद रविवारी सकाळी माझ्या वाट्याला आलं. अर्ध्या किलोत किती दाणे असतात हे ज्याने एकेकाची सालं काढली त्यालाच कळतं, आणि तो सांगायच्या मनःस्थितीत नसतो. शिवाय गार पाण्यात वाटलं की कच्च्या शेंगेचा एक उग्र वास सुटतो. दाणा फुटला की आतलं एक विकर तेलावर तुटून पडतं, म्हणून. उकळत्या पाण्यात वाटलं तर ते विकर मरतं आणि वास कमी येतो. हे कळेपर्यंत मिक्सर, परात, पडदे आणि मी, सगळ्यांना तो वास लागून गेला होता. लोकलमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहू लागली. भाईंदरची गाडी चर्चगेटला जाताना सीट रिकामी राहते, यावरून वासाची कल्पना यावी.

उकळतानाही ते साध्या दुधासारखं आधी साय धरून, कुरकुर करून इशारा देत नाही. गॅसकडे पाठ केली की साबणासारखा फेस एकदम ओट्यावर. आणि हे सगळं करून दूध मिळालं की मागे चोथा उरतो. खरी गोष्ट इथून सुरू होते. बँकेत काम करणारी बाई कुठलीही मालमत्ता राइट-ऑफ करत नाही. चोथ्याचं थालीपीठ झालं. चोथ्याचे कटलेट झाले. इडली, पराठा, झुणका. एकदा गूळ घालून लाडू झाले. ते चिरंजीवांनी मित्रांना वाटले, आणि त्यांच्या वाढदिवसाला यायला मुलं कचरू लागली. जितकं दूध प्यावं तितका चोथा. शेवटी आम्ही दूध करायचंच थांबवलं, कारण चोथा खायला माणसं कमी पडत होती.

कन्येने मग टोफूचा विषय काढला. टोफूतलं कॅल्शियम बरंचसं ते गोठवायला काय वापरलं यावर ठरतं, हे मला नव्यानेच कळलं. लिंबू पिळून केला तर कॅल्शियम आहे तेवढंच. चिनी पद्धतीत कॅल्शियम सल्फेट वापरतात, त्याने ते भरपूर वाढतं. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम. जिप्सम भाजलं की प्लास्टर ऑफ पॅरिस. नेमकं तेव्हा वरच्या फ्लॅटमध्ये पीओपीचं काम चाललं होतं आणि चिरंजीव जिन्यात बसून ते बघत होते.

"बाबा, म्हणजे सीलिंग चाटलं तर?"

"खायचं जिप्सम वेगळं असतं. शुद्ध."

"पण कॅल्शियम तेच ना?"

त्या दिवसापासून तो छताकडे वेगळ्या नजरेने बघतो. जपानी लोक तर समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं त्याने टोफू गोठवतात. तेही आमच्या दारात. भाईंदरला शतकभराहून जुनी मिठागरं आहेत, गाडीतून जाताना दोन्ही अंगांना पांढरे ढीग दिसायचे. आमच्याकडे मीठही होतं, कडू पाणीही होतं, वाशिमचं सोयाबीनही होतं. टोफू मात्र अंधेरीच्या मॉलमधून यायचा. तरी त्या कडू पाण्यात मुख्यतः मॅग्नेशियम असतं, म्हणून हिने ताळेबंदात ते धरायला साफ नकार दिला. "दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेलं आपलं कसं?"

या खटाटोपात आम्ही पहिले नव्हतो, हे वाचून मला जरा धीर आला. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमातल्या लोकांवर सोयाबीनचा प्रयोग केला होता आणि 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहिलंही होतं. बडोदा संस्थानातही तेव्हा सोयाबीनचा प्रचार चालू होता. मगनवाडीतल्या मंडळींनी ते खाऊन काय तोंडं केली असतील, याची मी रोज रात्रीच्या जेवणाला कल्पना करू शकत होतो. मी हे जेवताना सांगितलं.

कन्या चमकली. "बघ! गांधीजी व्हीगन होते."

"बकरी कशाला पाळली होती मग?"

ती गप्प. दूध सोडायचं व्रत त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत घेतलं, पुढे मोठ्या आजारपणात डॉक्टर दूध घ्या म्हणाले, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, बकरीचं घ्यायला काय हरकत? थोर माणसाच्या व्रतालासुद्धा घरातली बाईच पळवाट शोधून देते. मी आशेने हिच्याकडे बघितलं. ही भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही.

पोतं काही उतरेना. मेव्हण्यांनी फोनवर सांगितलं, "गव्हात मिसळा. दहा किलोले एक किलो." हा उपाय खरोखर चांगला आहे, पोळीत कळतही नाही. मात्र आधी सोयाबीन उकडून किंवा भाजून घ्यावं लागतं, कारण कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेने मोडतात. भाजून, मिसळून डबा गिरणीत नेला. गिरणीवाल्याने झाकण उघडलं, एक दाणा चावला आणि डबा परत ढकलला.

"सोयाबीन आहे यात."

"फक्त एक किलो."

"तेलकट असतं. जातं चिकटतं. मागच्याचं पीठ खराब होतं."

"माझ्या आईची हाडं..."

"साहेब, तुमच्या आईची हाडं, पण जातं माझं."

याला काय उत्तर देणार? अखेर रात्री नऊनंतर, शटर अर्धं ओढून, सगळ्यांचं दळण झाल्यावर, मागाहून जातं साफ करायला दोन किलो कणीचे पैसे वेगळे घेऊन त्याने आमचं दळण दळलं. चोरून दारू आणणारी माणसं मी पाहिली आहेत. चोरून पीठ आणणारा भाईंदर पूर्वेत मी एकटाच.

दरम्यान तक्त्यावर पालेभाज्या चढल्या. पहिला मान पालकाला. मग कुठूनसं हिला कळलं की पालकात कॅल्शियम असतं खरं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं, अंगाला जेमतेम पाच टक्के लागतं. ही दोन दिवस बोलली नाही. पालकातलं कॅल्शियम म्हणजे एनपीए, ती म्हणाली. वहीत दिसतं, वसूल होत नाही. आठवडाभर आम्ही खाल्लेला पालक तिने लाल पेनाने खोडला.

शेवग्याचा पाला, राजगिरा यांचं बरं चाललं. कढीपत्त्याचा आकडा तर डोळे फिरवणारा, १०० ग्रॅमला साडेसहाशेच्या आसपास. ताटाच्या कडेला कढीपत्ता काढून ठेवायची आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हिने ती एका फटक्यात बंद केली. जेवण झाल्यावर ताटांची तपासणी होऊ लागली.

"अहो, ही दोन पानं कुणाची?"

"फोडणीची."

"आठ मिलिग्रॅम फेकताय तुम्ही."

दोन पानांत आठ मिलिग्रॅम नसतं, हे मला माहीत होतं. पण बँकवाल्या बाईशी आकड्यांवरून वाद घालण्याइतका मी अजून व्हीगन झालेलो नाही. मी पानं चावली.

तिळाने तर कहर केला. १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर. आमच्याकडे जूनमध्ये, धो धो पावसात, तिळगूळ सुरू झाला. तिळाची चटणी, तिळकूट, भाकरीवर तीळ, भेंडीवर तीळ. भेटायला येणाऱ्याच्या हातावर तिळाची वडी. लोकांना वाटायचं आमच्यात उशिरा संक्रांत असते. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी ते गंभीरपणे घेतलं आणि गोड बोलून मागच्या भांडणातले पार्किंगचे पैसे देऊन टाकले. हा तिळाचा एकमेव फायदा ताबडतोब दिसला.

आणि नाचणी. १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात, दुधाच्या तिप्पट. हिने आनंदाने सुपरमार्केटमधून चकचकीत पाकिटातलं 'रागी' आणलं. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केल्यापासून नाचणीला पाकीट, बिस्किटं, नूडल्स आणि भाव असं सगळंच आलं आहे. आईने पाकीट हातात घेतलं आणि तिचा बांध फुटला.

"नाचण्याची भाकरी खावन खावन कंटाळलंय म्हणान तुझ्या बापाशीचो हात धरून मुंबयक इलंय. थंय भात सणाक मिळा. हय इलंय तां भात खावक. आता हयसर पण नाचणोच?"

"आई, त्यात कॅल्शियम असतं," ही म्हणाली.

"तेव्हा नाय होता?"

"तेव्हाही होतं."

"मगे माजी हाडां उणे कशी?"

याला तक्त्यात रकाना नव्हता. ही गप्प बसून पीठ मळू लागली. आईचा हिशेब आमच्यापेक्षा सरळ होता. बाराशे मिलिग्रॅम फक्त नाचणीतून काढायचं तर पन्नास ग्रॅम पिठाच्या सात भाकऱ्या. "गडी माणूस खाय एवढ्यो, नांगर धरून," ती म्हणाली. तरी तिने दीड भाकरी खाल्ली, वर खोबऱ्याची चटणी घेऊन, आणि जाताजाता पीठ जुनं आहे असा शेरा मारला.

या सगळ्याची बातमी आमच्या लोकलच्या ग्रुपला लागली नसती तर नवल. सकाळच्या गाडीत आमची ठरलेली बैठक असते. तिथे भजन, भाव आणि औषध हे तीन विषय चालतात. एकाने चुना सुचवला. गव्हाच्या दाण्याएवढा, उसाच्या रसातून. दुसऱ्याने अंड्याची टरफलं वाटून. तिसऱ्याने आपल्या आत्याला शंखभस्माने उठून बसवल्याचं सांगितलं. ती आत्या आधी बसत नव्हती का, हे कोणी विचारलं नाही. मी चुन्याचं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "गव्हाचा दाणा तुम्ही घरी ठेवता की गाडीत सोबत नेता?" पुढे मी बोललो नाही.

शेवटी तोडगा आईने स्वतः काढला. नवघर रोडवर उत्तनच्या कोळणी बसतात, त्यांच्याकडून ती एक दिवस सुका जवळा घेऊन आली. जवळा कवचासकट, डोळ्यांसकट खायचा असतो, त्यामुळे त्यातलं कॅल्शियम तक्त्यातल्या सगळ्या भाज्यांना खाली बसवतं. ही लगेच हिशेबाला लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि श्रावण वजा केला तर वर्षाकाठी काही दिवस उरत होते.

जवळा तव्यावर परतायला घेतला आणि बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बेन. गुजराती आहेत, फार प्रेमळ, आणि कांदाही न खाणाऱ्या.

"तुमच्याकडे वायर बळते का?"

"नाही नाही. आईंचं औषध आहे."

"कुठला वैद आपे आवा औषध?"

आई आतून ओरडली, "कॅल्शियम!" बेन नाकाला पदर लावून उतरल्या. पण संध्याकाळी त्यांनीच ताकाचा तांब्या पाठवला, आजीला पोटाला थंड म्हणून. ताकात लॅक्टोज दुधापेक्षा कमी असतं, म्हणून आईला ते पचलं. कन्या तांब्याकडे तत्त्वाने बघत राहिली आणि तत्त्वानेच खोलीत निघून गेली. रात्री तांब्या रिकामा होता. आईने एक फुलपात्र घेतलं होतं, हिने घेतलंच नव्हतं, मीही नाही. चिरंजीवांनी छताकडे बघून सांगितलं की त्यांना काही माहीत नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व मोजलं. ते इतकं कमी निघालं की त्यांनी आकडा दोनदा वाचला. ड शिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, ते कातडीवर ऊन पडलं की तयार होतं, रोज अकरा ते एकच्या दरम्यान थोडा वेळ ऊन घ्या, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तीळ, नाचणी, टोफू, चोथा, सगळं दाराशी येऊन उभं होतं आणि दार उघडायला कोणी नव्हतं. आमच्या बाल्कनीत ऊन येतं, पण समोरच्या टॉवरच्या दोन विंगांच्या फटीतून, ग्रिलच्या तीन चौकटींत, आणि तिथे टीव्हीसमोरून परत आलेलं सोयाबीनचं पोतं ठेवलेलं होतं. वाशिमच्या त्या दाण्यांना पुरेसं ड मिळत होतं.

राहिली गच्ची. आमच्या गच्चीला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरींकडे.

"किल्ली कशाला?"

"आईला ऊन खायचंय."

"गच्ची ऊन खायला नाही."

"मग कशाला आहे?"

सेक्रेटरींनी थोडा विचार केला. "गळती होऊ नये म्हणून. अर्ज द्या. डॉक्टरांचं पत्र जोडा. मीटिंगमध्ये ठेवतो."

मीटिंगमध्ये विषय निघाला आणि कळलं की प्रत्येक मजल्यावर एक-दोन उणे माणसं आहेत. बेनचंही ड कमी निघालं होतं. ठराव एकमताने मंजूर झाला. ज्येष्ठ नागरिकांना रोज अकरा ते बारा गच्ची मोकळी. आई पहिल्याच दिवशी चटई, टोपी आणि गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं घेऊन वर गेली. चार-पाच दिवसांत तिथे आठ-दहा आज्यांचं मंडळ जमलं. खाली पुन्हा लॅक्टोजच्या बातम्या येऊ लागल्या.

मग एक दिवस दुपारी लिफ्टपाशी नवी सूचना लागलेली दिसली. आदल्या दिवशी आई ऊन खायला जाताना किलोभर ओलसर जवळा सोबत घेऊन गेली होती, हे मला त्या सूचनेवरूनच कळलं. खाली सेक्रेटरींची सही होती, शिक्का होता, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गच्चीवरील ऊन फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी मंजूर केलेले आहे. मासळीस ऊन देऊ नये. – हुकुमावरून"